बॅग तेवीस किलोची, माणसं बावीस : प्रागहून आणायचं काय?

मागच्या अंकात सहज लिहिलं होतं की चेक रिपब्लिकच्या ट्रिपबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा. मला वाटलं व्हिसा, ट्रेन, हॉटेल असलं काहीतरी येईल. कुठलं काय, निम्म्याहून जास्त पत्रांत एकच प्रश्न, येताना आणायचं काय आणि कुणाला! म्हटलं चला, हा अंक त्यालाच देऊन टाकू. नवऱ्याच्या नोकरीपायी मी तीन वर्षं ब्रनोला राहिले, दर सुट्टीला निघताना एअरपोर्टवर वजनकाट्यापुढे बॅग उघडून बसायचा मान मला मिळालेला आहे, त्यामुळे खाली जे सांगतेय त्यातलं बरंचसं आधी चुकून मग शिकलेलं आहे.

ताई, आम्ही दोघं टूरबरोबर युरोपला चाललोय, प्रागमध्ये जेमतेम दीड दिवस. सासर, माहेर, सोसायटी आणि ऑफिस धरून बावीस जणांना काहीतरी न्यायचंय. माणशी तीन-चारशे रुपयांच्या वर जायचं नाही. काय घेऊ? (डोंबिवली)

आधी वस्तूंची यादी बाजूला ठेवा आणि माणसांची करा. कोण ती वस्तू खरंच वापरणार, कोण नुसती कपाटात ठेवणार आणि कोण पुढच्या बारशाला दुसऱ्याला देऊन टाकणार हे आपल्याला पक्कं माहीत असतं, आपण बोलत नाही इतकंच. मग दुकानात उभं राहून ‘हे छान आहे, कुणाला तरी होईल’ असं होत नाही. दीड दिवसात असल्या ‘कुणाला तरी होईल’वर दोन तास सहज जातात आणि गाइड खाली छत्री हलवत उभा असतो.

बावीसपैकी बारा-पंधरा बायका असतील तर डोळे झाकून काचेच्या नेल फाइल घ्या. ही चेक लोकांची खास चीज. काचेची चपटी पट्टी, एका टोकाला रंग नाहीतर फुलंबिलं, आणि हात फिरवला तर बारीक पिठीसाखर सांडल्यासारखं खरखरीत लागतं. नळाखाली धुतली की परत नवी, गंजत नाही, वजन जवळपास नाहीच. माझी एक मावशी आठ वर्षं तीच वापरतेय आणि दर भेटीत ‘अगं तुझी ती काच’ म्हणून काढून दाखवते. किल्ल्याच्या रस्त्यावर घेऊ नका, तिथले लोक साबण-शांपू घेतात त्या साध्या दुकानात घ्या, ‘द्रोगेरिये’ म्हणतात त्यांना. हां, पातळ पाकिटात असते, बॅगेत मधोमध कपड्यांच्या घडीत ठेवा, कडेला ठेवलीत तर तुकडे वाटायला लागतील.

उरलेल्यांना ओप्लात्की. कार्लोवी वारी नावाचं गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव आहे, तिथली ही बिस्किटं, म्हणजे बिस्किट तरी काय, पापडासारखे पातळ, ताटलीएवढे गोल दोन वेफर आणि मध्ये हेझलनट-साखरेचा थर. त्या गावात फिरताना एकेक गरम करून हातात देतात ती मजा वेगळी, पण बंद डबे प्रागच्या कुठल्याही सुपरमार्केटमध्ये मिळतात आणि ऑफिसात एक डबा फोडला की दहा जणांचं काम झालं. चुरा झाला तरी चव जात नाही, चमच्याने खातात लोक.

आता काय घेऊ नका ते ऐका. एकात एक बसणाऱ्या लाकडी बाहुल्या, केसाळ टोप्या, पिवळा अंबर. प्रागच्या दर दुसऱ्या खिडकीत दिसतील, पण बाहुल्या आणि टोप्या रशियाच्या आणि अंबर बाल्टिक समुद्राकडचा, चेक लोकांचा त्यांच्याशी काडीचा संबंध नाही. आणि तो चिमणीसारखा पोकळ गोड रोल, तर्देल्निक, ज्याच्यावर ‘जुनी चेक परंपरा’ अशी पाटी असते, त्याचं नाव खरं तर शेजारच्या स्लोव्हाकियातल्या स्कालित्सा गावाशी जोडलेलं आहे. खायचा तर जागेवर गरम खा, फोटो काढा आणि विसरा.

‘बोहेमियन क्रिस्टल’ लिहिलेलं सगळं खरं असतं का? आईची फार वर्षांची इच्छा आहे, शोकेसमध्ये ठेवायला एक मोठा बाउल. (चिंचवड)

आईची इच्छा आहे म्हटल्यावर आणायचाच. पण लेबल वाचून नका घेऊ, हात लावून घ्या. नक्षीच्या कडेवरून अंगठा फिरवा. हाताने कापलेली काच असेल तर कड टोकदार लागते, अंगठ्याला कळते. साच्यात दाबून काढलेली असेल तर तीच कड वापरलेल्या साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत, आणि उजेडात फिरवलं की साच्याचे दोन भाग जिथे जुळले ती बारीक रेघही दिसते. दोन्ही चेकच असू शकतात, फसवणूकच असेल असं नाही, पण किंमत मात्र एक असता कामा नये.

लेड क्रिस्टल म्हणजे काचेत निदान २४ टक्के लेड ऑक्साइड, म्हणजे शिसं घातलेलं असतं. म्हणून तर ते वजन, ती चमक आणि टिचकी मारली की घंटेसारखा लांबणारा नाद. आपले जुने लोक ‘बिलोरी’ म्हणायचे ना, अगदी तेच डोळ्यांपुढे येतं. शिसं न घालताही उत्तम काम होतं, कार्लोवी वारीची मोझर ही कंपनी १८५७ पासूनची, त्यांची काच बिनशिशाची, पण किमती बघितल्यावर आपण काच बघतोय की फ्लॅट असा प्रश्न पडतो. मी त्यांच्या शोरूममध्ये हात पाठीमागे बांधून फिरले होते.

आणि हे महत्त्वाचं, लेडचा बाउल आणलात तर आईंना सांगा की तो शोकेसपुरताच. आपल्याकडे देखणं भांडं दिसलं की त्यात लिंबाचं लोणचं घालून पाहुण्यांपुढे ठेवायचा मोह होतोच. आंबट पदार्थ आणि दारू काचेतलं शिसं ओढून घेतात, जितका वेळ आत तितकं जास्त. तेव्हा लोणचं नाही, कोकम सरबत नाही, रात्रभर वाइन तर नाहीच. फुलं ठेवा, हळदीकुंकवाला बदाम-खडीसाखर ठेवा, कुणाची हरकत नाही.

पॅकिंगचं माझ्याकडून शिका. पहिल्या वर्षी मी सासऱ्यांसाठी काचेचं झाकण असलेली एक सुरई घेतली, तीन स्वेटरमध्ये गुंडाळली, वरून टॉवेल, आणि घरी उघडली तर मान मोडलेली. बाहेरून काही लागलंच नव्हतं, मी झाकण तोंडातच ठेवलं होतं आणि प्रवासभर ते आतल्या आत आपटत राहिलं. तर झाकण नेहमी वेगळं गुंडाळा, पोकळ भांड्याच्या पोटात मोजे कोंबा, आणि बाउल शक्यतो केबिन बॅगेत घ्या. जड होतो, खांदा दुखतो, पण पोचतो.

बाउलचं वजन झेपणार नसेल तर एक सुंदर पर्याय आहे, ख्रिसमसच्या झाडाला लावायचे काचेच्या मण्यांचे तारे. डोंगराकडच्या पोनिक्ला गावात अजून हाताने करतात. काचेची नळी तापवायची, साच्यात फुंकून मण्यांची माळ काढायची, आतून चांदीचा मुलामा द्यायचा, रंगवायची, मग एकेक मणी कापून तारेत ओवायचा. युनेस्कोने २०२० मध्ये या कामाला वारशाच्या यादीत घेतलं. माझ्याकडचे दोन तारे दिवाळीत दाराच्या तोरणाला असतात आणि कुणालाही ते परके वाटलेले नाहीत. वाटणार तरी कसे, त्याच भागातल्या याब्लोनेत्स गावातून एकेकाळी आपल्याकडे काचेच्या बांगड्या जहाजांनी यायच्या. तिथल्या काच-दागिन्यांच्या म्युझियमला गेलात तर कळेल की आपल्या पणजीच्या हातात काय किणकिणत असणार.

लग्नाला पंचवीस वर्षं होताहेत, प्रागलाच साजरा करणार आहोत. बायकोसाठी गार्नेटचा सेट घ्यायचाय पण खूप फसवतात म्हणे. आणि गोमेद म्हणजे गार्नेटच ना, मग पत्रिकेसाठी पण चालून जाईल का? (सांगली)

काका, आधी अभिनंदन! आणि फसवतात हे खरंय, कारण मी फसलेय. गेल्या गेल्या पहिल्याच महिन्यात, ओल्ड टाउनमधल्या एका टेबलावरून लालभडक कानातले घेतले, विकणाऱ्या बाईने शपथेवर सांगितलं खरे आहेत म्हणून. सुट्टीत आमच्या सोनारकाकांनी भिंग डोळ्याला लावलं, दोन सेकंद बघितलं आणि म्हणाले, ‘डिझाइन छान आहे.’ बस. समजलं मला.

चेक गार्नेट म्हणजे पायरोप जातीचा खडा, रंग क्रोमियममुळे येतो, पिकलेल्या डाळिंबाच्या दाण्यासारखा. नावसुद्धा डाळिंबावरूनच आलंय, चेक भाषेत खडा ‘ग्रानात’ आणि डाळिंब म्हणजे ‘ग्रानातचं सफरचंद’. आता ओळखायची खूण अशी की हे खडे लहान असतात, बरेचसे दोन-चार मिलिमीटरचे, म्हणून पारंपरिक दागिन्यात ते इतके दाटीवाटीने बसवतात की खालची चांदी दिसतच नाही. कुणी शेंगदाण्याएवढा एकच खडा स्वस्तात दाखवून ‘प्युअर चेक’ म्हणाला तर हसून पुढे जा. मधला मोठा खडा वेगळ्या जातीचा, म्हणजे अल्मंडाइन, आणि भोवती बारीक चेक खडे अशीही डिझाइन असते, त्यात गैर काही नाही, फक्त दुकानदाराने तसं सांगायला हवं.

तुर्नोव गावात ग्रानात नावाची कारागिरांची सहकारी संस्था आहे, १९५३ सालची (सांगलीकरांना सहकार मी काय शिकवणार!). त्यांच्या दागिन्यावर ‘जी’ अक्षराची बारीक खूण आणि सोबत सर्टिफिकेट असतं. प्रागमध्ये त्यांची दुकानं आहेत, तिथेच जा, बाहेरच्या ‘गार्नेट’ पाट्यांकडे बघू नका. सोन्यात घेणार असाल तर घरच्यांना आधीच सांगून ठेवा की तिथे सोनं १४ कॅरेटचं असतं, ५८५ असा आकडा असतो, नाहीतर आल्या आल्या कुणीतरी म्हणणारच, हे कसलं सोनं. मला विचाराल तर सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीतला घ्या, लाल रंग तितकाच उठतो. बिल जपून ठेवा, कस्टम्सला विचारलं तर दाखवता आलं पाहिजे.

गोमेदचं असं की तो याच गार्नेट घराण्यातला, पण दुसऱ्या शाखेचा, हेसोनाइट म्हणतात त्याला, मधासारखा तपकिरी. चुलतभाऊ म्हणा. लाल पायरोप काही गोमेद नाही, तेव्हा पत्रिकेचं तुम्ही आणि गुरुजी बघून घ्या, काकूंना मात्र गळ्यातला लाल सेटच आवडणार.

बाबा कधीतरी ‘घेतात’. त्यांच्यासाठी तिकडची काहीतरी खास बाटली आणायची आहे, आईला कळू न देता. (पुणे)

आईला कळू न देता हे माझ्या हातात नाही, बाकीचं सांगते. बेखेरोव्का आण. कार्लोवी वारीचं औषधी वनस्पतींचं मद्य, १८०७ पासून करतात, ३८ टक्के, चपट्या हिरव्या बाटलीत येतं. चव म्हणजे लवंग-दालचिनीचा काढा आणि त्यात कुणीतरी साखर आणि दारू ओतलेली, आमच्याकडे एकाने ‘हे तर खोकल्याचं औषध’ म्हणून नाक मुरडलं आणि तिसऱ्या दिवशी बाटली संपली. त्या गावात झरे बारा मोजतात आणि याला तेरावा झरा म्हणतात. थंड करून छोट्या ग्लासात घेतात, जेवणानंतर. आईला काय सांगायचं ते यातूनच सुचेल.

दुसरं म्हणजे स्लिवोवित्से, आलूबुखारासारख्या प्लमची ब्रँडी, मोराव्हिया भागात घरोघरी करतात, कडक असते. पहिल्यांदा घेणाऱ्याला नको.

भारतात येताना माणशी दोन लिटरपर्यंत ड्यूटी नाही, बाटली चेक-इन बॅगेत ठेव. हिरवी ॲबसिंथ घ्यायचा विचार असेल तर टक्केवारी बघ, ७० च्या वर असेल तर विमानात कुठल्याच बॅगेत चालत नाही.

आणि हे लक्ष देऊन वाच. प्रागभर गांजाच्या पानाचं चित्र असलेली चॉकलेटं, लॉलीपॉप, चहा, व्होडका असलं काय काय मांडलेलं असतं, मित्रांना गंमत म्हणून नेऊ असं वाटतं. अजिबात नको. तिथे दुकानात उघड मिळतं म्हणून आपल्या कस्टम्सला किंवा मधल्या दुबईच्या एअरपोर्टला ते चालेल असं नाही, आणि आत नेमकं काय आणि किती आहे हे तू तिथे उभा राहून कुणाला पटवून देणार?

आम्ही पूर्ण शाकाहारी आणि शेजारचे जैन. खाऊ आणायचा तर काय बघून घ्यायचं? (नाशिक)

पाकिटावरचा घटकांचा मजकूर. युरोपात ॲलर्जीचे पदार्थ ठळक अक्षरात छापायचा नियम आहे, त्यामुळे अंडं, दूध, शेंगदाणे पटकन डोळ्यांत भरतात. पण जिलेटिन ॲलर्जीच्या यादीत नाही, ते साध्या अक्षरात मजकुरात लपून बसतं आणि आपली गडबड तिथेच होते. चेक भाषेत ‘झेलातिना’, सुरुवातीचं अक्षर झेड आणि त्याच्या डोक्यावर छोटी टिकली. पुढे ‘वेप्रोवा’ असेल तर डुकराचं, ‘होव्येझी’ असेल तर गाय-बैलाचं. जेलीच्या गोळ्या, मार्शमेलो आणि जेलीचे तुकडे घातलेली चॉकलेटं या सगळ्यांत शंका धरायचीच. मोबाइलचा कॅमेरा धरून भाषांतर करणारं ॲप ठेवा, ओप्लात्कीच्या डब्यावरही एकदा फिरवा, एखाद्या कंपनीच्या पिठात अंडं असू शकतं. शेजाऱ्यांसाठी मी तर खायचं काही नेतच नाही, उगाच त्यांना विचारत बसायला लावायचं. त्यांना साबण नेते.

पार्दुबित्से गावचा पेर्निक मस्त असतो, मसाल्याचा मधाचा केक-बिस्किट प्रकार, पण अंडं असतं हे धरूनच चाला.

खसखस! हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. चेक लोक आपल्याइतकेच, किंबहुना जास्तच खसखस खाणारे, त्यांची निळसर काळी असते, गोड पावात दाबून भरतात. बघून वाटतं अनारशांना न्यावी. तुमचं विमान दुबई किंवा अबुधाबीवरून असेल तर खसखस बॅगेत घालूच नका, त्या देशात ती बंदी असलेल्या यादीत आहे आणि तिथले लोक फार कडक आहेत. भारतातून जातानासुद्धा हेच लागू, अनारशांसकट.

भाचा सहा वर्षांचा, भाची चौदाची आणि सतत चित्रं काढते, माझा मुलगा कॉलेजात नाटकवेडा. तिघांना वेगवेगळं काय नेता येईल? (कोल्हापूर)

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. भाचीला पेन्सिली. कोहिनूर म्हटलं की आपल्याला आधी हिरा आठवतो, मग बासमती तांदूळ, पण चेक रिपब्लिकमध्ये कोहिनूर म्हणजे पेन्सिल. हार्टमुट नावाच्या माणसाने १७९० मध्ये व्हिएन्नात कारखाना काढला, १८४८ मध्ये तो चेस्के बुड्येयोवित्सेला आला, आणि १८८९ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी एक पिवळ्या रंगाची उंची पेन्सिल मांडली, नंबर १५००, आणि तिला आपल्या हिऱ्याचं नाव दिलं. पेन्सिल पिवळीच असते हे जे डोक्यात बसलंय ना जगाच्या, त्याची सुरुवात तिथली. ती १५०० अजून मिळते, वेगवेगळ्या कठीणपणाच्या, सुटी सुद्धा. भाचीला त्यांचा सेट घ्या आणि सोबत ती ‘मॅजिक’ नावाची जाड पेन्सिल, जिच्या शिशात तीन रंग एकत्र असतात, रेघ ओढता ओढता पेन्सिल जरा फिरवली की लालची पिवळी, पिवळीची निळी होत जाते. आणि खोडरबरावर हत्तीचं चित्र असतं, ते सहा वर्षांच्या भाच्यालाही द्या. लाकडी साळिंदराच्या पाठीत काट्यांच्या जागी रंगीत पेन्सिली खोचलेलं त्यांचं एक स्टँड आहे, टेबलावर फार गोड दिसतं, पण बॅगेत काटे सगळीकडे टोचतात, काढून वेगळे बांधा.

भाच्याला क्रतेक. काळा छोटा चिचुंद्रीसारखा प्राणी, मोल म्हणतात तो, लाल नाक, डोक्यावर तीन केस. झ्देन्येक मिलेर नावाच्या चित्रकाराने केला, पहिली फिल्म १९५७ ची. पुढच्या फिल्म्समध्ये तो जवळजवळ बोलतच नाही, नुसता हसतो आणि चीत्कारतो, त्यामुळे भाषेचा प्रश्नच नाही, आधी घरी दोन फिल्म्स दाखवा आणि मग मऊ खेळणं हातात द्या, नाहीतर ‘हा उंदीर कसला’ असं होईल. आमच्याकडे झालं होतं.

मुलाला कठपुतळी, पण बजेट असेल तरच. चेक-स्लोव्हाक कठपुतळी २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, तिथे हा खेळ नुसता पोरांचा नाही. दुकानात दोन प्रकार दिसतील, लिंडेनच्या लाकडात कोरलेली आणि साच्यात ओतलेल्या प्लास्टरची. उचलून बघा, मागे डोक्याला नख लावून बघा, लाकडाचे रेषे कळतात, प्लास्टर थंड लागतं आणि नखाला पांढरं येतं (दुकानदार बघत नसताना). त्यांच्या जुन्या पद्धतीत बाहुलीच्या डोक्यातून एक जाड तार सरळ वर जाते, हातापायांना दोऱ्या, त्यामुळे चाल आपल्या पिंगुळीच्या ठाकरांच्या कळसूत्री बाहुल्यांपेक्षा वेगळी, जरा ठसक्याची. नाटकवाल्या मुलाला दोन्ही शेजारी ठेवून बघायला आवडेल. नेताना दोऱ्या वरच्या लाकडी दांडीला गुंडाळा आणि रबर लावा. मी तशीच घातली होती बॅगेत, दोऱ्यांचा गुंता सोडवायला एक अख्खा रविवार गेला.

मैत्रिणीच्या आईंची नाशिकरोडच्या बाळ येशूवर फार श्रद्धा आहे. मूळ मूर्ती प्रागला आहे असं ऐकलं, खरं का? तिथून काय आणावं? (नाशिकरोड)

अगदी खरं. फेब्रुवारीत तुमच्याकडे ज्याच्या यात्रेला एवढी गर्दी लोटते तो बाळ येशू प्रागचाच. माला स्त्राना भागात कार्मेलितस्का रस्त्यावर चर्च आहे, १६२८ मध्ये लोबकोविच घराण्यातल्या पोलिक्सेना नावाच्या बाईंनी ही मेणाची मूर्ती तिथल्या कार्मेलाइट साधूंना दिली. मूर्ती जेमतेम दीड फुटाची, लांबून बघताना आधी वस्त्रच दिसतात. आपल्याकडे देवाला सणवाराप्रमाणे पोशाख बदलतात तसंच, चर्चच्या वर्षाप्रमाणे कधी हिरवा, कधी जांभळा, कधी पांढरा. जगभरातून भक्तांनी पाठवलेले झगे आतल्या छोट्या म्युझियममध्ये मांडलेत.

तिथल्याच दुकानातून छोटी मूर्ती किंवा प्रार्थनेचं कार्ड घ्या, बाहेरच्या गिफ्ट शॉपमधून नको. आणि कार्ड घेऊन दोन मिनिटं मूर्तीसमोर उभ्या राहा, मग सांगा आईंना की तिथे उभं राहून आणलंय. मी एका वसईच्या काकूंना असं एक दहा-बारा शब्दांचं कार्ड दिलं होतं, त्या हातात धरून बराच वेळ काही बोललाच नाहीत.

टॅक्स परत मिळतो म्हणतात, आणि पैसे कुठे बदलायचे? (ठाणे)

एकाच दुकानात एका दिवसात २००० कोरुनाच्या वर खरेदी झाली की टॅक्स रिफंडचा फॉर्म मागा, बिल करतानाच, नंतर देत नाहीत. कोरुना म्हणजे साधारण चार रुपये धरून चाला. वस्तू न वापरता, तीन महिन्यांच्या आत युरोपियन युनियनबाहेर न्यायची आणि कस्टम्सचा शिक्का मारून घ्यायचा. शिक्क्याच्या वेळी वस्तू दाखवायला लागू शकते, तेव्हा बॅग चेक-इन करायच्या आधी जा. व्हॅट २१ टक्के असला तरी मधले लोक त्यांचं कापून घेतात, तेवढं पूर्ण हातात येत नाही. आणि टूरचा शेवट दुसऱ्या युरोपियन देशात असेल तर शिक्का तिथून निघताना.

पैसे, शक्यतो कार्ड. मशीन ‘रुपयांत की कोरुनात’ विचारेल तेव्हा कोरुनाच दाबा, रुपयांचा भाव त्यांच्या सोयीचा असतो. ‘शून्य टक्के कमिशन’ची मोठी पाटी दिसली की समजा कमिशन भावात घातलंय. फसलातच तर पावती फेकू नका, १००० युरोंपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत त्याच खिडकीवर रद्द करता येतो, २०१९ पासून कायदाच आहे. आणि मे, सप्टेंबर, ऑक्टोबरमध्ये जाणार असाल तर त्यांच्या राष्ट्रीय सुट्ट्या बघून ठेवा, ८ मे, २८ सप्टेंबर आणि २८ ऑक्टोबरला मोठी दुकानं आणि मॉल कायद्यानेच बंद असतात. आमचा एक पाहुणा शॉपिंगसाठी राखलेल्या एकुलत्या एका दिवशी बंद मॉलचं दार हलवून परत आला होता.

बाटा तिकडची कंपनी ना? मग बूट तिथे स्वस्त पडतील का? (सोलापूर)

कंपनी तिकडचीच, १८९४ साली झ्लिन गावात सुरू झाली, कोलकात्याजवळचं बाटानगर नंतरचं. पण स्वस्त? मला तरी कधी पडले नाहीत. प्रागच्या मोठ्या चौकातलं त्यांचं बहुमजली दुकान बघून या, तिथल्या माणसाला सांगा की आम्ही लहानपणी बाटा भारतीयच समजायचो, तो हसेल. बूट सोलापुरात घ्या.

सगळं ऐकलं, पण नवरा म्हणतो मॅग्नेटच घेऊ, भानगड नको. (पनवेल)

घेऊ द्या हो. फक्त उलटा करून मागे कुठे बनलाय ते बघायला सांगा. माझ्या स्वतःच्या फ्रिजवर ब्रनोच्या मगरीचा आहे. तिथल्या जुन्या टाउन हॉलच्या दारात खरी भुसा भरलेली मगर टांगलेली आहे आणि अख्खं गाव तिला ड्रॅगन म्हणतं, कुणाला काही वाटत नाही. तिच्या पोटाखाली आम्ही दूधवाल्याचं बिल अडकवतो.